शेऱ्याचा रकाना

बहात्तर वर्षं किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो,
वर एकदाही गेलो नाही.
पाहुणे आले की उरवाई गेटपर्यंत सोडतो,
म्हणतो, गुडघे हो. तुम्ही या बघून.
गुडघे ठणठणीत आहेत.
मुलाच्या सहाव्या मजल्यावर
गॅलरीकडे पाठ करून जेवतो,
सूनबाई काही न विचारता पडदा ओढते.

निवड समितीत अकरा वर्षं होतो.
बाकीचे तिघे पॅव्हेलियनच्या गच्चीवर,
चहा, गजक, दुर्बीण.
मी खाली, साइटस्क्रीनच्या कडेला, पत्र्याच्या खुर्चीत.
"इथून पाय दिसतात," मी म्हणायचो.
सबब म्हणून सांगितलेली गोष्ट
हळूहळू खरी होत गेली:
वरून फटका दिसतो,
खालून दिसतं, फटक्याआधी टाच उचलली का.

हरगोविंद कुशवाहाची उचलली.
जानेवारी, सकाळचे आठ, मुरारचं मैदान,
मॅटिंग ओलं, आणि धुकं एवढं
की गोलंदाज आधी ऐकू यायचा, मग दिसायचा.
तिसरा चेंडू छातीवर आला. पोरगं लेगला सरकलं.
चौथ्यालाही.
कॅनव्हासचे बूट, एकाची नाडी सुतळीची.
मी लिहिलं: भित्रा.
पेन फार छान चाललं त्या दिवशी.

बारा वाजता, लख्ख उन्हात,
ठेकेदाराच्या भाच्यानं त्याच मॅटवर
पाय पुढे टाकून तीन चौकार मारले.
त्याला लिहिलं: धाडसी.
वहीत वय होतं, वडिलांचं नाव,
हात उजवा की डावा.
धुक्याचा रकाना नव्हता.

मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी
मैदानावर गेलो, तर दिव्यांच्या मनोऱ्यावर कुणीतरी चढत होतं.
खालून वर बघतानाही माझ्या तळव्यांना मुंग्या येतात,
म्हणून मी सावली बघत बसलो.
गवतावर मनोऱ्याची सावली पडलेली, लांबलचक,
तिच्यात एक गाठ, माझ्यापासून दूर दूर सरकणारी.
कव्हर ओलांडलं, सीमारेषा ओलांडली,
मग कुंपणावर चढून गेली ती, दिसेनाशी झाली.

उतरला तेव्हा ओळखलं.
कानशिलं पांढरी, पण मान वळवायची तऱ्हा तीच.
त्यानं नमस्कार केला,
कुठल्याही म्हाताऱ्याला करतात तसा.
विचारलं, भीती नाही वाटत?
"रोज वाटते. पहिल्या पायरीला हात लावतानाच.
म्हणून तर हुक दोनदा बघतो.
आमच्यातल्या एकाला वाटायची नाही.
तो आता कंपूत पंक्चर काढतो, बसल्या बसल्या."
चिंधीनं हात पुसले आणि सायकल शोधायला गेला.

त्या वहीचं मी त्याला सांगितलं नाही.
दोनच अक्षरं, जिभेवर होती.
घरी येईपर्यंत
ती माझ्याच नावापुढे लिहीत आलो.

काल मुलींची निवड होती.
मला मानानं बोलावतात, खुर्ची अजून खालीच ठेवतात.
साडेआठला एक डावखुरी आली,
नाव परिहार की पडिहार, नीट ऐकू आलं नाही.
दुसऱ्याच चेंडूला मागं हटली.
शेजारच्या तरुणानं पेनाचं टोपण काढलं.
म्हटलं, थांबा. ऊन येऊ द्या.
तो घड्याळाकडे बघून हसला, पण टोपण लावलं.

अकराच्या सुमाराला किल्ला निघाला धुक्यातून,
आधी वरचं टोक, असं लोक म्हणाले.
मी भिंत मैदानाच्या उंचीवर येईपर्यंत वाट पाहिली.
मग तिला हाक मारली: बाळ, पुन्हा पॅड बांध.
ती म्हणाली, पॅड एकच जोडी आहे,
ती आत्ता दुसरीनं घेतलीय.

मग आम्ही दोघं थांबलो.